स्वामी कुवलयानंद : मुलांच्या आरोग्याचा प्रयोगशील उपासक



मुंबईहून पुण्याकडे येणारी गाडी बोरघाट चढून लोणावळ्यास थांबते, तेव्हा उतरणाऱ्या बहुतेक प्रवाशांच्या मनात थंड हवा, पाऊस, भुशीचे धरण आणि जाताना घ्यावयाची चिक्की एवढेच असते. आपण मावळात राहणारी माणसेसुद्धा लोणावळ्याकडे याच दृष्टीने पाहतो. परंतु याच गावात १९२४ सालापासून कैवल्यधाम नावाची एक संस्था उभी आहे. माणूस श्वास रोखतो, पोट आत ओढतो, पाठ वाकवतो, तेव्हा त्याच्या शरीरात नेमके काय घडते, हे यंत्रांनी मोजून पाहण्याचे काम या संस्थेत सुरू झाले. या कामाचे प्रवर्तक स्वामी कुवलयानंद होत.

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी हेच चरित्र का निवडले, असे आपण विचाराल. सांगतो. आपल्या समाजात शिक्षणाची गोडी वाढत आहे, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. प्रगतिपुस्तक हाती पडले की पालक प्रथम गणिताचे गुण पाहतात, मग इंग्रजीचे, मग विज्ञानाचे. शारीरिक शिक्षणाच्या रकान्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. मुलगा रात्री किती वाजता झोपतो, मुलगी सातवी-आठवीनंतर धावते-खेळते की नाही, परीक्षेच्या दिवसांत लेकराच्या छातीत धडधडते का, हे प्रश्न घरी क्वचितच निघतात. ज्या एका शिक्षकाने मुलांचे शरीर आणि मन यांची काळजी हा शाळेच्या कामाचाच भाग मानला आणि त्यासाठी आयुष्य वेचले, त्याची ओळख म्हणूनच आपणांस असावी.

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे एका मराठी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि शिक्षणासाठी त्यांना पुष्कळ झगडावे लागले. तरीही १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे बडोदा कॉलेजात शिकून १९१० साली ते पदवीधर झाले. त्या काळात बडोद्यास अरविंद घोष अध्यापन करीत असत. त्यांचा आणि लोकमान्य टिळकांच्या चळवळीचा या तरुणाच्या मनावर खोल ठसा उमटला. आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा निश्चय त्यांनी विद्यार्थिदशेतच केला.

आता एक गोष्ट आपण अगत्याने ध्यानी घ्यावी. बडोद्यात त्या वेळी जुम्मादादांची व्यायामशाळा नावाजलेली होती. जुम्मादादा हे मुसलमान पहिलवान आणि उस्ताद. त्यांचे पट्टशिष्य माणिकराव हे हिंदू. गुरूच्या पश्चात माणिकरावांनी ती व्यायामशाळा चालविली, वाढविली, दूरवर नावारूपाला आणली. पण तिला स्वतःचे नाव दिले नाही. उस्तादाचेच नाव तिच्यावर कायम ठेवले. पुढे राजरत्न ही पदवी लाभलेल्या या माणिकरावांच्या हाताखाली जगन्नाथ गुणे यांनी १९०७ ते १९१० या काळात देशी व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी पुढे शाळाशाळांतून जे काम केले, त्याचा एक धागा मागे मागे जात एका मुसलमान उस्तादाच्या आखाड्यापर्यंत पोहोचतो. इल्म आणि हुन्नर शिकताना उस्ताद कोणत्या घरचा आणि शागीर्द कोणत्या घरचा, याचा हिशेब त्या आखाड्यात झाला नाही.

पदवीनंतर गुणे शिक्षकी पेशाकडे वळले. खानदेशातील अमळनेर हे गाव आपण साने गुरुजींमुळे ओळखतो. गुरुजी तेथे येण्याच्या आधी, खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामात गुणे सहभागी झाले होते. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. देशभक्तीचे वारे वाहणारे हे महाविद्यालय इंग्रज सरकारला खुपू लागले आणि १९२० साली ते बंद पडले. तथापि १९१६ ते १९२३ या काळात शाळेतील व महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृती हा विषय शिकविण्याचे त्यांचे काम चालू राहिले. वाढत्या वयाची मुले कशी असतात, कशाने खचतात आणि कशाने उभारी धरतात, हे त्यांनी ग्रंथांच्या आधी वर्गात पाहिले होते.

१९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांची परमहंस माधवदासजी या वयोवृद्ध योग्याशी भेट झाली आणि त्यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. येथवरची कहाणी अनेक साधकांच्या कहाणीसारखीच आहे. परंतु येथून पुढे या शिष्याने निराळी वाट धरली. गुरूने शिकविलेल्या क्रियांचा अनुभव त्यांना येत होता आणि त्यांचे मन आणखी एक प्रश्न विचारीत होते. हे घडते ते कसे? जुन्या ग्रंथांत दिलेली कारणे शरीरशास्त्राच्या कसोटीला उतरतात काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९२०-२१ साली ते बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत गेले. सोबत त्यांचे काही विद्यार्थी होते. प्रयोगाचा विषय होता उड्डियान आणि नौली, म्हणजे पोटाचे स्नायू आत ओढण्याच्या आणि फिरविण्याच्या क्रिया. योगी पाण्यात बसून, पंप नसताना, मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतात, असे सांगितले जाई. लोक त्यास चमत्कार समजत. गुणे यांनी क्ष-किरणांची छायाचित्रे घेतली, आतड्यातील दाब मोजला. नौलीच्या वेळी आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे आढळून आले. दाब कमी झाला की पाणी आपोआप आत येणार. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढल्यावर येते तसेच. चमत्काराचे कारण सापडले, ते आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बसेल इतके साधे होते. या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे, नाव दिले. गुरूवरील श्रद्धा आणि तपासून पाहण्याची सवय या दोन गोष्टी एका माणसाच्या ठायी सुखाने नांदू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. स्वामी कुवलयानंद या नावाने लोक त्यांना ओळखू लागले ते याच पर्वात. त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. या त्रैमासिकाची रचना पाहण्यासारखी होती. प्रयोगांचे अहवाल एका विभागात असत. त्यांत आकडे, आलेख आणि क्ष-किरणांची छायाचित्रे दिलेली असत. सर्वसामान्य वाचकांसाठी आसने कशी करावी याची माहिती दुसऱ्या विभागात असे. जे मोजून सिद्ध झाले ते कोणते आणि जे परंपरेने सांगितले जाते ते कोणते, यांची सरमिसळ होऊ नये, याची काळजी त्यात होती. सर्वांगासनात रक्तदाब किती बदलतो, प्राणायामात श्वासाबरोबर बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण व घटक कसे असतात, अशा प्रश्नांवर तेथे वर्षानुवर्षे काम झाले. १९३१ साली आसने व प्राणायाम यांवरील त्यांची पुस्तके निघाली.

विद्यार्थी मित्रांनो, संशोधन या शब्दाचा अर्थ तुम्हांस येथे कळेल. एखादी गोष्ट खरी ठरावी अशी आपली कितीही इच्छा असली, तरी प्रयोगाचे उत्तर जसे येईल तसे लिहून ठेवणे, हा संशोधनाचा पहिला धर्म आहे. याचे एक उदाहरण कैवल्यधामाच्याच इतिहासात आहे. १९३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील येल विद्यापीठाचे एक तरुण मानसशास्त्रज्ञ लोणावळ्यास येऊन राहिले. त्यांचे नाव कोवूर थॉमस बेहानन. ते मूळचे केरळचे, सीरियन ख्रिश्चन कुटुंबातले. त्यांनी स्वामीजींच्या देखरेखीखाली योगाभ्यास शिकून घेतला आणि येलला परतल्यावर स्वतःवरच प्रयोग केले. प्राणायाम चालू असताना शरीर किती प्राणवायू वापरते ते त्यांनी मोजले. उज्जायी या प्रकारात तो नेहमीपेक्षा सुमारे २४.५ टक्के अधिक लागतो, असे त्यांना आढळले. मग त्यांनी मनाच्या चाचण्या घेतल्या. बेरजा करणे, रंगांची नावे सांगणे, कोडी सोडविणे, अशा त्या चाचण्या होत्या. प्राणायामानंतर लगेच त्यांचा वेग वाढण्याऐवजी कमी झालेला दिसला. त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. शरीर सैलावल्याचा, मन शांत झाल्याचा अनुभव त्यांनी नोंदविला, पण योगाने बुद्धी तत्काळ तल्लख होते असा दावा केला नाही. १९३७ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा ही सर्व माहिती जगापुढे आली.

पालकहो, या प्रसंगातून आपण पुष्कळ शिकण्यासारखे आहे. आजकाल अमुक चूर्ण घ्या, अमुक वर्ग लावा, मुलाची स्मरणशक्ती दुप्पट होईल, अशा जाहिराती मोबाइलवर दिवसभर येत असतात. त्यांवर पैसे खर्च करण्यापूर्वी, हे कोणी मोजले, कसे मोजले आणि विरुद्ध उत्तर आले असते तर ते छापले असते काय, एवढे तीन प्रश्न आपण विचारावेत.

स्वामीजींचे काम प्रयोगशाळेत अडकून राहिले असते, तर ते तज्ज्ञांपुरते उरले असते. मूळचे शिक्षक असल्यामुळे त्यांचे लक्ष सतत शाळेकडे होते. आखाड्यात एक उस्ताद मोजक्या शागिर्दांना शिकवितो. शाळेत एका शिक्षकापुढे पन्नास-साठ मुले उभी असतात. मैदान लहान, साधने नाहीत, तासिका अर्ध्या-पाऊण तासाची, आणि बरीच मुले गरीब घरची. अशा स्थितीत सर्वांना एकाच वेळी, एकाच आज्ञेवर, बिनखर्चात करता येईल असा व्यायाम हवा होता. स्वामीजींनी आसने व श्वसनाचे प्रकार यांची त्या दृष्टीने मांडणी केली. १९३० नंतरच्या दशकात उत्तरेकडील संयुक्त प्रांतातील शिक्षणसंस्थांतून त्यांची योजना अमलात आली आणि १९३६ साली यौगिक संघ-व्यायाम हे त्यांचे पुस्तक निघाले.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद स्वामी कुवलयानंदांकडे आले. शारीरिक शिक्षण नीट व्हावयाचे तर प्रथम त्यासाठी शिकलेले शिक्षक हवेत, हे उघड होते. त्यातूनच १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तोपर्यंत पुष्कळ ठिकाणी कवायतीचा मास्तर म्हणजे दरडावून पावले मोजायला लावणारा माणूस, अशीच कल्पना होती. व्यायाम शिकविणारा माणूस हा मुलांच्या शरीराची जाण असलेला शिक्षक असावा, ही गोष्ट त्या काळात रुजू लागली. आज आपल्या शाळेत शारीरिक शिक्षणासाठी पात्रताधारक शिक्षक असतो, त्यामागे अशा माणसांचे परिश्रम आहेत.

मुलांच्या व्यायामाविषयी त्यांची दृष्टी समजून घेण्यासारखी आहे. आसन करताना धाप लागता कामा नये, झटका देऊ नये, शरीराला सोसेल तेथेच थांबावे, असे त्यांचे शिक्षण होते. स्नायू फुगविणे हे आसनाचे उद्दिष्ट नाही. पाठीचा कणा, मज्जासंस्था आणि शरीरातील ग्रंथी यांचे काम सुरळीत चालावे यासाठी ते आहे, अशी त्यांची मांडणी होती. शेवटी शरीर सैल सोडून स्वस्थ पडून राहणे हेही शिकविले जाई. जो मुलगा धावण्याच्या शर्यतीत नेहमी शेवटचा येतो, त्यालाही अशा तासिकेत कमीपणा वाटत नाही, कारण त्याची तुलना दुसऱ्याशी होत नाही. किशोरवयात मुलांना आपल्या शरीराची लाज वाटू लागते, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. अशा मुलाला शर्यतीविना मिळणारा व्यायाम किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आजारी माणसांसाठीही स्वामीजींचे काम चालू होते. १९२७ साली महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीबाबत त्यांचा सल्ला घेतला होता. १९३२ साली मुंबईत कैवल्यधामाची शाखा निघाली. पुढे ती मरीन ड्राइव्हवर स्थिरावली. १९५७ साली अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ वेंगर आणि मेंदूच्या लहरींचे अभ्यासक बागची हे यंत्रे घेऊन भारतात आले, तेव्हा त्यांनी ज्या ठिकाणी काम केले त्यांत लोणावळा होते. हृदय थांबविता येते असे म्हणणाऱ्या योग्यांची परीक्षा त्यांनी भारतातील या दौऱ्यात घेतली. १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की अशा वेळी नाडी हाताला लागत नाही, ठोके ऐकू येत नाहीत, परंतु हृदयाचे काम यंत्रावर चालूच दिसते. १९६३ साली स्वामीजी आणि त्यांचे सहकारी डॉ. विनेकर यांचे योगोपचारावरील पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने प्रसिद्ध केले.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात स्वामी दिगंबरजी यांनी संस्थेची धुरा सांभाळली. २०१९ साली भारतीय टपाल खात्याने देशी आरोग्यपद्धतींच्या थोर उपासकांवर १२ तिकिटे काढली. त्यांत स्वामी कुवलयानंद आहेत, तसेच हकीम मोहम्मद कबीरुद्दीन आणि हकीम मोहम्मद अब्दुल अझीझ लखनवी हेही आहेत. माणसाचे दुखणे दूर करण्यासाठी झटणारे निरनिराळ्या परंपरांचे हे लोक एका मालिकेत शेजारी शेजारी बसले आहेत.

आता थोडे आपल्या घरचे बोलू. २०१५ पासून दर वर्षी २१ जूनला शाळांत योगदिन साजरा होतो. आपल्या काही पालकांच्या मनात त्या दिवशी शंका येते, की हे आपल्या मुलांनी करावे काय? ही शंका मनात दाबून ठेवण्यापेक्षा तिचा नीट विचार करावा. स्वामीजी स्वतः श्रद्धाळू हिंदू होते, साधक होते, हे खरेच आहे. परंतु प्रयोगशाळेत त्यांनी श्रद्धेची साक्ष काढली नाही. तेथे जे मोजता येईल तेवढेच मांडले. म्हणूनच केरळचा ख्रिश्चन मानसशास्त्रज्ञ त्यांच्याकडे शिकला आणि स्वतःचे स्वतंत्र मत घेऊन परतला. पाठ ताणणे, श्वास संथ करणे, शरीर सैल सोडणे हा व्यायाम आहे आणि तो कोणाही मुलाने करावा. ज्या शब्दांचे उच्चारण आपल्या अकीद्याशी जुळत नसेल, त्याविषयी मुख्याध्यापकांशी अदबीने बोलावे. सरसकट सगळ्या तासिकेपासून लेकराला दूर ठेवू नये. त्याचप्रमाणे नमाज हाही व्यायामच आहे, असे काही जण सांगतात, तेही बरोबर नव्हे. नमाज ही इबादत आहे. तिला तिच्या जागी राहू द्यावे. व्यायामाला त्याची स्वतंत्र वेळ द्यावी. शरीर ही आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे, असे आपण मानतो. अमानतीची राखण रोज करावी लागते.

५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात मुलगे आणि मुली असा भेद नाही. आपल्याकडे मुलगी मोठी होऊ लागली की तिचे धावणे-खेळणे प्रथम थांबते. नेमक्या त्याच वयात तिची हाडे घट्ट होत असतात आणि मनावर ताण वाढत असतो. तिला मैदान नसेल तर घराची गच्ची आहे, खोली आहे. अंगभर कपड्यांत, आईच्या सोबतीने, सतरंजीवर करता येतील असे व्यायाम स्वामीजींनी शंभर वर्षांपूर्वीपासून शिकविले आहेत. त्यांना एका पैशाचाही खर्च येत नाही. मात्र दमा, फिट्स किंवा हृदयाचा विकार असलेल्या मुलांनी आधी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा आणि कोणताही अवघड प्रकार पुस्तकात किंवा मोबाइलवर पाहून एकट्याने करू नये.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, कैवल्यधाम आपल्या तालुक्यातच आहे. शिक्षकांना सांगून, संस्थेची परवानगी घेऊन, एकदा तेथे जाऊन या. बेताच्या परिस्थितीत वाढलेला एक मुलगा शिष्यवृत्तीवर शिकला, मुसलमान उस्तादाच्या नावाने चालणाऱ्या आखाड्यात घाम गाळून आला, अमळनेरला शिक्षक झाला आणि लोणावळ्यात बसून त्याने जगभरच्या शास्त्रज्ञांना आपल्या दारी आणले. त्याच्यापाशी सुरुवातीला धन नव्हते; प्रश्न विचारण्याची हिंमत होती आणि उत्तर तपासण्याची चिकाटी होती. या दोन गोष्टी तुमच्यापाशीही आहेत. त्या वाढवा, अभ्यास करा, वेळेवर झोपा, रोज तासभर अंग हलवा. पालकांनीही पुढचे प्रगतिपुस्तक हाती आल्यावर शारीरिक शिक्षणाच्या रकान्यावर एकदा बोट ठेवून लेकराशी दोन शब्द बोलावेत, एवढीच विनंती.